आर्माडा : धावलो तरी हरतो, थांबलो तरी हरतो

गुडघ्याला_बाशिंग :
मंडळी, इथे कोणी स्टार वॉर्स आर्माडा (टेबलावर छोट्या जहाजांचे ताफे लढवायचा फाशांचा गेम) सिरियसली खेळतं का? मी मँचेस्टरला असतो, दुकानात महिन्यातून एकदा 400 पॉइंटच्या छोट्या स्पर्धा होतात (कंपनीने 2024 ला गेम बंद केला तरी आमचे दहाबारा जण काही सोडायला तयार नाहीत). माझ्याकडे एम्पायरचा ताफा, एक आयएसडी-1 (मोठं स्टार डिस्ट्रॉयर), दोन ग्लॅडिएटर, त्यातल्या एकावर डेमॉलिशर कार्ड, आणि दोन छोटी गोझांटी जहाजं. बिडसाठी (ज्याच्या ताफ्याचे पॉइंट कमी तो फर्स्ट प्लेयर कोण ते ठरवतो) 8-10 पॉइंट मोकळे सोडतो म्हणजे फर्स्ट प्लेयर व्हायला मिळतं.
प्रॉब्लेम असा की मला दम धरवत नाही. पहिल्या राउंडपासून सगळं फुल स्पीड, तिसऱ्या राउंडला आयएसडी समोरच्याच्या मधोमध आणि चौथ्याला टेबलाच्या बाहेर डब्यात. सगळे म्हणतात पेशन्स ठेव, म्हणून मागच्या वेळी ठरवलं की आज आपण हलायचंच नाही, आयएसडी स्पीड 1 ने उतरवलं आणि पहिल्याच राउंडला नॅव्हिगेट डायल (वेग बदलायचा हुकूम) लावून 0 केलं. तर समोरच्याने लांबून लाल फासे टाकले आणि मी ब्रेस (डॅमेज निम्मं करणारं डिफेन्स टोकन) उचलला तर म्हणतो स्पीड 0 ला डिफेन्स टोकन वापरता येत नाहीत. नियम बरोबरच होता, मीच वाचला नव्हता. 110 पॉइंटचं जहाज नुसतं उभं राहून मार खात होतं. मग पेशन्स म्हणजे करायचं काय नक्की?

लाल_फासा :
हाहा, स्पीड 0 चा धडा सगळ्यांना एकदा मिळतो, मलाही मिळालाय.
मुद्द्याचं सांगतो. ह्या गेममध्ये जहाज आधी फायर करतं आणि मग हलतं, एवढी एक गोष्ट डोक्यात ठेव, बाकी सगळं त्यातूनच निघतं. तू हलून त्याच्या रेंजमध्ये गेलास की तुझी फायरिंगची वेळ वाया गेलेली असते (तेव्हा कोणी रेंजमध्ये नव्हतंच) आणि आता पाळी त्याची, तर पहिली गोळी त्याची. म्हणजे जो आधी अंतर कापतो तो आधी मार खातो, त्यात शूरपणा वगैरे काही नाही. डेमॉलिशरची सगळे भीती घेतात ती ह्याच्यामुळेच, तो टायटल असलेला ग्लॅडिएटर एक अटॅक हलल्यानंतर करू शकतो. बाकीच्यांना ती सोय नाही आणि तू आयएसडी पण डेमॉलिशरसारखंच चालवतोयस असं वाटतंय.
म्हणून थांबायचं नाही, स्पीड 1 ठेवायचा आणि नाक सरळ समोर न ठेवता टेबलाच्या कडेला समांतर तिरकं चालायचं. टेबल 6 फूट लांब आहे, ते वापर. जहाज चालू असतं, टोकन चालू असतात, आणि अंतर मात्र अगदी हळू कमी होतं. समोरच्याला कंटाळा येतो, आणि ज्याला आधी कंटाळा येतो तो एक राउंड आधी आत शिरतो.
आणि ॲक्टिव्हेशनचा क्रम, म्हणजे आळीपाळीने एकेक जहाज चालवतो तो. गोझांटी आधी हलव, त्यांचं काही बिघडत नाही, तोवर समोरच्याला आपली मोठी जहाजं हलवावी लागतात. आयएसडी सगळ्यात शेवटी. राउंडच्या शेवटी हललास आणि पुढच्या राउंडला फर्स्ट प्लेयर म्हणून सगळ्यात आधी तेच ॲक्टिव्हेट केलंस तर मध्ये त्याला चान्सच मिळत नाही. पास टोकन (आपली पाळी सोडून द्यायची सोय) आल्यापासून हे पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही, पण तरी.

उजवा_कोपरा :
मी कॉलेजात कबड्डी खेळायचो, कोपऱ्यात. आमचे सर एकच सांगायचे, रेडर आत आला की लगेच झेपावू नको, येऊ दे अजून. लवकर हात टाकलास तर तो स्पर्श करून निघून जातो, आणि वजन पुढच्या पायावर पडलं की धरायचाच. मला आर्माडा अगदी तसाच वाटतो, म्हणजे बचाव म्हणजे मागे पळणं नाही, तो कुठून आत येणार ते आपण ठरवायचं.
आता बिडबद्दल, ह्यावर कोणी बोललं नाही. तू पॉइंट सोडून फर्स्ट प्लेयर होतोस आणि ऑब्जेक्टिव्ह (त्या मॅचचे खास नियम आणि जादा पॉइंट) मात्र समोरच्याच्या तीन कार्डांतून निवडतोस. म्हणजे मैदान त्याचं! तू सेकंड होऊन बघ ना एकदा, कार्डं तुझी. उदा. कंटेस्टेड आउटपोस्ट, त्यात राउंडच्या शेवटी स्टेशनजवळ ज्याच्या जहाजांची एकूण कमांड (जहाजाच्या कार्डावरचा आकडा) जास्त त्याला टोकन, एका टोकनाचे 20 पॉइंट. आयएसडीची कमांड 3, ते स्टेशनच्या आसपास हळूहळू फिरत राहिलं की झालं. त्याने यायचं नाही ठरवलं तर तो गप्प बसून हरतो. त्याला यावंच लागतं, तुला नाही. घाई करायची पाळी त्याच्यावर ढकल.
कमांड 3 असल्याने सुरुवातीलाच तीन राउंडांचे डायल लावून ठेवायचे असतात हेही विसरू नकोस. तुझ्यासारखा घाईवाला तिन्ही डायल कॉन्सन्ट्रेट फायर (मारा वाढवायचा हुकूम) लावतो, बरोबर ना? दुसऱ्या-तिसऱ्याला नॅव्हिगेट ठेव, कारण नेमकं तेव्हाच ब्रेक किंवा वळण लागतं.

सहावा_राउंड :
वरचं सगळं बरोबर पण उलट बाजूही ऐका. राउंड सहाच आहेत. मी दोन वर्षं असा "संयमी" खेळलो की प्रत्येक मॅच 6-5 (स्पर्धेचे गुण), आणि जो बाजूच्या टेबलावर 10-1 ने कोणाला तरी झोपवतो तो स्पर्धा जिंकून जातो. चौथ्या राउंडपर्यंत काहीच फोडलं नाही तर ती वाट बघणं नाही, ती भीती. मला हे कळायला फार वेळ लागला.
माझ्या मते खरा दम टोकनांत लागतो. दोन डॅमेज आले की लोक पटकन ब्रेस टाकतात, एक डॅमेज वाचवायला! टोकन लाल झालं, पुढच्याच अटॅकला सहा आले आणि आता परत वापरलं तर कायमचं गेलं. शील्डवर खा ते दोन, शील्ड त्यासाठीच आहेत. आणि आर्माडात जहाज फुटलं तरच त्याचे पॉइंट जातात, एक हल (सांगाड्याचा पॉइंट) उरलेलं जहाज पळून वाचलं तर समोरच्याला शून्य. तेव्हा जखमी आयएसडीने अजून एक शॉट मिळेल म्हणून परत वळायचं नाही. हा मोह आवरला तर निम्म्या मॅच सुधारतील तुझ्या.
जटलंडच्या आरमारी लढाईत 1916 मध्ये ब्रिटिश ॲडमिरल जेलिकोने टॉर्पेडो आले म्हणून अख्खा ताफा वळवला, लोकांनी नंतर शिव्या घातल्या, पण दुसऱ्या दिवशी समुद्र कोणाच्या ताब्यात होता? जर्मन ताफा बंदरात जाऊन बसला. असो, विषयांतर.

गुडघ्याला_बाशिंग :
डायलचं कसं ओळखलं @उजवा_कोपरा, तिन्ही कॉन्सन्ट्रेट फायरच असतात 😅
पण सेकंड झालो तर डेमॉलिशरचं काय? तो लास्ट-फर्स्ट (राउंडच्या शेवटी हलून पुढच्या राउंडला सगळ्यात आधी) साठीच तर घेतला होता.

लाल_फासा :
तीच अडचण आहे, ही लिस्ट फर्स्टसाठीच बनलेली आहे. एक स्पर्धा डेमॉलिशर कार्ड घरी ठेव, ते 10 पॉइंट आयएसडीवर घाल आणि सेकंड खेळ. जीवावर येईल, माहितीये.

गुडघ्याला_बाशिंग :
घरी ठेवतो. डब्यात नाही, बायकोकडे देऊन ठेवतो, नाहीतर सकाळी परत उचलेन.