एचटूएस बाटली काळी, एमपीएन शून्य. एकाच नळाचं पाणी, खरं कोणतं धरू?

रेणापूरची_मायक्रो

नमस्कार. एमएस्सी मायक्रोबायोलॉजी, दुसरं वर्ष, लातूर. गाव रेणापूर तालुक्यात. वडील गावचे जलसुरक्षक. म्हणजे टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणं, ओटी टेस्ट घेणं (पाण्यात क्लोरीन आहे का ते पिवळ्या रंगावरून बघणं), वॉल फिरवणं आणि पाणी उशिरा सुटलं की शिव्या खाणं, सगळं त्यांच्याकडे. म्हणून प्रोजेक्टला आपल्याच गावचं पाणी घेतलं आणि आता अडकून बसले.

आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं. मागच्या तीन पाळ्यांना चौकातल्या नळावर उभं राहून एकाच वेळी दोन नमुने घेतले. एक एचटूएसच्या बाटलीत (विष्ठेतले जंतू असले की पाणी काळं पडतं ती चाचणी), खुणेपर्यंत भरून, घरीच देवघराच्या फळीवर ठेवला. दुसरा ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेल्या काचेच्या बाटलीत, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून, एसटीनं कॉलेजला. सकाळी सातला भरलेली बाटली साडेअकराला बेंचवर येते.

तिन्ही वेळा तेच. घरची बाटली दुसऱ्या दिवशी डांबरासारखी काळी. कॉलेजात एमपीएन, म्हणजे १०० मिलीत अंदाजे किती जंतू ते नळ्यांवरून काढतात. मॅककॉंकीच्या नळ्या जशा ठेवल्या तशा जांभळ्या (जंतू असते तर पिवळ्या झाल्या असत्या), आतल्या डरहॅम नळीत वायूचा एक बुडबुडा नाही.

ओटी दर वेळी पिवळी येते. वडील म्हणतात, क्लोरीन आहे तर जंतू कुठून येतील, तुझी बाटलीच खराब. आजीचं वेगळंच, देवाशेजारी घाण ठेवली म्हणून तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. गाईड मॅडम म्हणतात नमुना घेताना तुझा हात लागतोय, हा विषय सोड, कोकणात ओळख आहे, समुद्राच्या पाण्यातले जिवाणू घे, पेपर तरी होईल. समुद्र मी एकदाच पाहिलाय, शाळेच्या सहलीत, गणपतीपुळ्याला. जायला आवडेलही. पण हे असं अर्धं टाकून?

हापशाच्या पाण्याचीही बाटली काळी झाली. तिथं मात्र पाण्यालाच सडक्या अंड्यासारखा वास आहे, बाटलीत भरायच्या आधीपासून. त्याचं एमपीएन अजून केलेलं नाही.

औसा_टाकीवाला

ताई, मीबी हेच काम करायलाव, आठ वर्षं झाली. तुमच्या वडिलांचं चुकलं नाही. ओटी पिवळी आली की आम्ही रजिस्टरला लिहितो आन् मोकळं होतो. त्येच्या पुढं आम्हाला कुणी शिकिवलंच नाही.

पर एक इचारतो. वडील टीसीएल कवा टाकतेत? आमच्यात लाईटीचा भरवसा नाही. टाकी भरत आली की बादलीत कालवायचं, वरून वतायचं आन् लगेच वॉल सोडायचा. खाली बाया घागरी घेऊन बसलेल्या असतेत, कोण थांबू देतंय.

बिनपाण्याचा

समुद्रच घ्या ताई. मराठवाड्यात पाण्यावर संशोधन म्हणजे टकल्यानं कंगव्यावर पीएचडी केल्यासारखं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा कुणी विचारलं होतं का आत जंतू किती म्हणून?

अंबाजोगाईचा_दर्यावर्दी

मूळचा अंबाजोगाईचा, पण नोकरीची सव्वीस वर्षं किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत समुद्राचं पाणी गाळण्यात गेली. तंत्रज्ञ होतो, शास्त्रज्ञ नव्हे, त्यामुळे बाटल्या धुण्यातलं मला जास्त कळतं. तुझं भांडणही बाटलीतच आहे बाळ.

एचटूएसच्या बाटलीत जी कागदाची पट्टी असते ती कशात भिजवून वाळवलेली असते बघ. ग्वाल्हेरच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतल्या मांजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ही चाचणी मांडली. पेप्टोन, फॉस्फेट, लोहाचं फेरिक अमोनियम सायट्रेट आणि सोडियम थायोसल्फेट. त्यांनी थायो घातलं ते जंतूंना गंधक मिळावं म्हणून. जंतू त्यातून हायड्रोजन सल्फाइड करतात, ते लोहाशी मिळालं की काळं. पण थायोचा आणखी एक धंदा आहे, ते क्लोरीन जागच्या जागी मारतं. म्हणजे तू नळाखाली बाटली धरलीस त्या क्षणी क्लोरीनचं काम तिथंच थांबलं आणि पाण्यात त्या घडीला जे जिवंत होतं ते जिवंत राहिलं.

आता तुझी काचेची बाटली. तिच्यात थायो घातलं होतंस का? तू लिहिलं नाहीस, म्हणजे नव्हतंच. तिच्यात क्लोरीन साडेचार तास एसटीत बसून जंतू मारत आलं. कॉलेजात पोचेपर्यंत सगळं साफ. तुझं शून्य बरोबर आहे, पण ते साडेअकराच्या पाण्याचं. गावानं पाणी सातला प्यालं.

टाकीवाल्यांनी विचारलं ते म्हणूनच नेमकं. क्लोरीनला निदान अर्धा तास लागतो. वरून ओतून लगेच वॉल सोडला तर नळाला क्लोरीनही येतं आणि जंतूही येतात, दोघं बरोबर. ओटी पिवळी येणारच, ती फक्त क्लोरीन बघते. शिवाय पाच दिवस कोरडी पडलेली पाइपलाइन. आत दाब नाही, कुठं सांधा नालीजवळ गळका असेल तर बाहेरचं पाणी आत शोषलं जातं. पाणी सुटल्यावरची पहिली पाच मिनिटं सगळ्यात वाईट.

केमिस्ट्रीवाल्यांकडे आयोडोमेट्रीसाठी थायो असतंच. दहा टक्क्यांचं द्रावण करून १२० मिलीच्या बाटलीत ०.१ मिली घाल, मग ऑटोक्लेव्ह कर. एक बाटली थायोची, एक साधी, आणि तिसरी साधीच पण भरल्यावर अर्ध्या तासानं थायो घातलेली. तिन्ही एकाच नळाच्या, एकाच मिनिटाच्या.

हापशाचं प्रकरण वेगळं. खोल पाण्यात सल्फेट खाणारे जंतू असतात, त्यांचा आणि संडासाचा काही संबंध नसतो. वास आधीपासून असेल तर बाटली काळी होणारच. उलट ई. कोलाय स्वतः सहसा हायड्रोजन सल्फाइड करत नाही. ही बाटली ओळखते ती त्याच्याबरोबर विष्ठेतून येणारी बाकीची मंडळी, सिट्रोबॅक्टर, साल्मोनेला वगैरे. हापशाला क्लोरीन नाही, तुझी साधी बाटली चालेल. एमपीएन लाव आणि मगच बोल.

आणि बाटली देवघरातून हलव गं, आजीचं मी बघून घेतो. माळवदावर मात्र ठेवू नकोस, सदतीसच्या आत पाहिजे आणि लातूरचा एप्रिल ऐकत नाही.

आता समुद्र. पहिल्या वर्षी मला एक मिली समुद्राचं पाणी प्लेटवर लावायला दिलं. काही शे कॉलन्या आल्या. मग तेच पाणी बारीक गाळणीवर घेऊन, अॅक्रिडीन ऑरेंजनं रंगवून फ्लोरोसन्स मायक्रोस्कोपखाली पाहिलं. अवसेच्या रात्री आमच्या मुकुंदराजाच्या डोंगरावरून आभाळ दिसतं तसं. हिशेब केला तर मिलीला दहा लाखांच्या आसपास. साहेबांनी तीनदा मोजायला लावलं, हात चुकतोय म्हणून! चुकत नव्हता. आपण जे ताट वाढतो ते ज्याला चालतं तोच जेवायला येतो, बाकीचे उपाशी का होईना जिवंत असतात.

पटकीचा (कॉलऱ्याचा) जंतू व्हिब्रिओ घे. तो मुळात खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातला रहिवासी, कोपेपॉड नावाच्या बारीक जिवाच्या अंगावर चिकटून राहतो. परिस्थिती बिघडली की असा पडून राहतो की प्लेटवर उगवत नाही, पण मेलेलाही नसतो. अमेरिकेच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी बांगलादेशात बायांना जुनी साडी चार-आठ पदरी दुमडून पाणी गाळायला लावलं. जंतू त्यातून सहज जाईल एवढा लहान, पण तो ज्याच्यावर बसलाय तो कोपेपॉड अडकतो. २००३ ला त्यांनी आकडे छापले, पटकी जवळपास निम्म्यावर आली होती. आपल्या आज्या घागरीच्या तोंडाला फडकं बांधायच्याच, एकपदरी.

मॅडमना सांग, समुद्रावर जाईन, पण हे तीन बाटल्यांचं झाल्यावर.

जालना_मेहकर

खारं पाणीच पाहिजे तर कोकण कशाला, लोणार घ्या. आहे विदर्भात, पण आमच्या उंबऱ्याशी. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाणी तपासलं होतं, मीठ मानवणाऱ्या हॅलोआर्किया निघाल्या. आम्ही गावकरी शंकराचा कोप म्हणत होतो.

रेणापूरची_मायक्रो

काका, थायो घातलं नव्हतं. मॅन्युअलमध्ये आहे, मी ती ओळ वाचलीच नव्हती.

चार दिवसांपूर्वी पाणी सुटलं. साधी बाटली नेहमीसारखी, सगळ्या नळ्या जांभळ्या. थायोची बाटली ३-१-० (पाण्याच्या तीन मापांच्या तीन-तीन नळ्यांपैकी किती पिवळ्या झाल्या ते), तक्त्यात १०० मिलीला ४३. अर्ध्या तासानं थायो घातलेली १-०-०, म्हणजे ३.६. नळीतून ईएमबीच्या प्लेटवर ओढलं तर हिरवी चकाकी आली, माशीच्या पाठीवर असते तशी, ई. कोलायची खूण. मॅडमनी प्लेट तिरकी करकरून पाहिली आणि समुद्राचं नाव काढलं नाही.

वडिलांना काय सांगावं कळेना. शेवटी तिन्ही बाटल्यांचे आकडे त्यांच्याच रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून दाखवले. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे टाकायचं बरोबर होतं, येळ चुकायली." आता मोटर चालू करतानाच टीसीएलची निवळी सोडायची म्हणतात, म्हणजे टाकी भरेपर्यंत दीड तास मिळतो. लाईट रात्री दोनला आली तर दोनला उठायचं.

टाकीवाले दादा, तुम्हीही एकदा बघा. हापशाचं एमपीएन आज लावलंय, उद्या संध्याकाळी नळ्या बघते. आजी बोलायला लागली आहे, पण बाटली आता गोठ्यात.