वॉर्डातल्या पेशंटला लक्षणं विचारणारा मोबाइल द्यावा का?

सांजवात:
माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी पाच आठवडे मनोरुग्णालयात होता. सकाळच्या राउंडला डॉक्टर विचारायचे, झोप लागली का, आवाज येतात का? हा म्हणायचा, "बरंय." कागदावर नोंद: पेशंट शांत. संध्याकाळी मी डबा घेऊन जावं, तर हाच भिंतीकडे तोंड करून पुटपुटत बसलेला. परदेशात काही ठिकाणी पेशंटला फोन देतात. तो दिवसातून पाच-सहा वेळा मध्येच वाजतो आणि विचारतो: आत्ता मन कसं आहे, आवाज येतोय का, भीती वाटतेय का? आत्महत्येचे विचार काही तासांतही वरखाली होतात, ते सकाळच्या एका प्रश्नात कसे सापडणार? माझं मत, द्यावा.

काळाचहा:
मी आत राहून आलोय. दाखल करताना पायजम्याची नाडीसुद्धा काढून घेतली होती, तिथे चार्जरची वायर? बरं, चार्जिंग सिस्टरच्या टेबलावर होईल. पण फोनमधून माझ्यावर पाळत आहे याची मला तेव्हा पक्की खात्री होती. अशा माणसाला खरोखरच नोंदी ठेवणारा फोन देणार? शिवाय 'आवाज येतात' म्हटलं की डिस्चार्ज लांबतो, हे वॉर्डात दुसऱ्या दिवशीच कळतं. मीही 'बरंय'च दाबलं असतं.

सांजवात:
मग काय, वही द्यायची? 2002 मध्ये जुनाट दुखण्याच्या रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला. कागदी डायऱ्या बघाव्यात तर 90 टक्के नोंदी वेळेवर. प्रत्यक्षात 11 टक्के! इलेक्ट्रॉनिक डायरीत हेच प्रमाण 94 होतं.

काळाचहा:
ते 11 कळले कसे, तेही सांगा की. डायरीत प्रकाश ओळखणारा सेन्सर दडवला होता, रुग्णांना पत्ता लागू न देता. पाळत म्हणतात ती हीच.

रात्रपाळी:
मी सिस्टर आहे. रात्री दोनला 'जगायचं नाही' असं उत्तर आलं तर बघणार कोण? चाळीस पेशंटमागे मी आणि एक मावशी. आणि बघायचं राहून गेलं, तर चौकशीत ती नोंद माझ्याच गळ्यात. तरी सरसकट नको म्हणवत नाही. आमच्याकडे एक आजी होत्या, विचारलं की नुसत्या हसायच्या. चादर बदलताना उशीखाली त्यांच्या चिठ्ठ्या सापडायच्या. त्यात सगळं असायचं.

उंबरठा:
2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दाखल पेशंटला वाजवी वेळी फोन करण्याचा-घेण्याचा हक्क दिलाय, मोबाइलसकट. आमच्या काकांचा फोन मात्र दारातच जमा झाला. आधी घरी बोलायला तरी द्या, मग प्रश्न विचारणारा द्या.

सांजवात:
काल भावालाच विचारलं, असा फोन दिला असता तर खरं लिहिलं असतंस? म्हणाला, "डॉक्टर एकटेच वाचणार असतील तर. तुला दाखवणार असतील तर नाही." मला दाखवतीलच, असं मी धरूनच चालले होते.