भाग सामाईक आहेत, तरीही एका असेंब्ली लाइनवर तीन मॉडेल का बसत नाहीत?

प्रश्न
आम्ही पंपाच्या कंट्रोलरची तीन मॉडेल बनवतो. नव्या डिझाइनमध्ये जुन्या मॉडेलांतले भाग जाणीवपूर्वक पुन्हा वापरले असून, यादीतील जवळपास दोन तृतीयांश भाग आता तिन्हींत सारखेच आहेत. तरीही मॉडेल बदलताना लाइन थांबते, फिक्श्चर (जोडणी करताना नग पकडून ठेवणारा साचा) बदलावे लागते आणि मोठ्या मॉडेलच्या वेळी तिसऱ्या स्टेशनवर काम तुंबते. आणखी भाग सामाईक करावेत, असे वरिष्ठांचे मत आहे. मला ते पटत नाही. पण का पटत नाही, हे नीट मांडता येत नाही.

उत्तर १
तुमची शंका रास्त आहे. लाइनच्या दृष्टीने भागांची टक्केवारी फारशी बोलत नाही. भाग कोणत्या भोकांवर टेकतो, कोणत्या दिशेने आत जातो, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या हत्याराने बसतो, हे सारखे असावे लागते. फोक्सवॅगनने 2012 मध्ये आणलेल्या एमक्यूबी या अनेक मॉडेलांना सामाईक असलेल्या रचनेत पुढच्या चाकांचा आस आणि पेडल यांमधील अंतर कायम ठेवले आणि चाकांमधील अंतर, रुंदी वगैरे मोकळे सोडले, ते याच विचाराने. तुमच्या खोक्यांचे आकार वेगळे असू द्यात. मात्र तळाची दोन लोकेटिंग भोके (नग फिक्श्चरवर नेमक्या जागी बसवणारी) तिन्हींत त्याच अंतरावर घेतली, तर एकच फिक्श्चर पुरेल.

स्क्रूही तपासा. आमच्याकडे एका मॉडेलला 10 मिमी आणि दुसऱ्याला 12 मिमी लांबीचा एम 4 स्क्रू होता. दोन्ही एकाच ड्रायव्हरने, एकाच टॉर्कला बसत आणि शेजारशेजारच्या ट्रेमध्ये ठेवलेले असत. चुकून लांब स्क्रू गेला की त्याचे टोक सर्किट बोर्डाला टेके आणि दोष थेट शेवटच्या चाचणीत कळे. ट्रेंना रंग देऊन पाहिले, उपयोग झाला नाही. अखेर 10 मिमीवाल्या मॉडेलमधला प्लास्टिकचा बॉस, म्हणजे स्क्रू ज्यात शिरतो तो उंचवटा, 2 मिमीने वाढवून सगळीकडे 12 चाच स्क्रू केला, तेव्हा तो दोष थांबला.

उत्तर २
वरील मताशी सहमत असूनही एक सावधगिरी सुचवतो. भाग सामाईक झाला की त्याचा दोषही सामाईक होतो. जनरल मोटर्सचा एक सदोष इग्निशन स्विच अनेक मॉडेलांत वापरला होता. 2006 च्या सुमारास त्याची रचना सुधारली, पण पार्ट नंबर तोच राहिला. त्यामुळे कोणत्या गाडीत जुना स्विच आहे आणि कोणत्या गाडीत नवा, हे नंतर शोधणे अवघड झाले आणि 2014 मध्ये सुमारे 26 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. म्हणून आकार, जोडणी किंवा कार्य यांपैकी काहीही बदलले, तर नंबर बदललाच पाहिजे. शिवाय सर्वात मोठ्या मॉडेलचा भाग सर्वात लहान मॉडेललाही लावल्याने त्याची किंमत विनाकारण वाढत नाही ना, हेही पाहावे.

प्रश्नकर्ता
भोकांचे अंतर आज मोजले. तिन्हींत वेगळे निघाले, तेही केवळ दीड-दोन मिमीने, आणि त्यामागचे कारण कोणालाच सांगता आले नाही. पण तिसऱ्या स्टेशनचे काय?

उत्तर १
तिथे बहुधा मोठ्या मॉडेलच्या वायरिंगला टॅक्ट टाइमपेक्षा (प्रत्येक नगासाठी स्टेशनला मिळणाऱ्या ठरावीक वेळेपेक्षा) जास्त वेळ लागत असेल. ते वायरिंग हार्नेस, म्हणजे कनेक्टरसह बांधलेला तारांचा जुडगा, म्हणून लाइनबाहेर तयार करून घ्या आणि लाइनवर फक्त कनेक्टर दाबू द्या. तेवढ्यानेही भागले नाही, तर मोठ्या मॉडेलची सलग बॅच न लावता दोन लहानांमागे एक मोठे असा क्रम ठेवा. सरासरी वेळ टॅक्टमध्ये बसेल, फक्त स्टेशनापुढे एक-दोन नगांची जागा राखावी लागेल. हा मिश्र क्रम फिक्श्चर बदलावे लागत असेपर्यंत चालणार नाही, म्हणून आधी भोकांचे ड्रॉइंग दुरुस्त करून घ्या.