हॅरीहाउसेनचे राक्षस खटकतात ते हालचालीमुळे की फिल्ममुळे?

(निगेटिव्ह, सांधेजोड, कातळ आणि फ्रेममोजणी ही चर्चा करणाऱ्यांची टोपणनावं.)

निगेटिव्ह

छोटी मॉडेल फ्रेम-फ्रेम हलवून पडद्यावर राक्षस जिवंत करणाऱ्या रे हॅरीहाउसेनच्या चित्रपटांबद्दल एक तक्रार ठरलेली असते: हालचाल झटक्याझटक्याने होते, म्हणून प्राणी खोटे वाटतात. मला हे अजिबात मान्य नाही. 'सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद' (१९५८) किंवा 'जेसन अँड द आर्गोनॉट्स' (१९६३) आज कुठे खटकत असतील, तर त्याचं पहिलं कारण पाठीमागचं चित्र आहे.

पद्धत थोडक्यात सांगतो. नट आणि लोकेशन आधी चित्रित करायचं. त्याची प्रिंट एका छोट्या पडद्यावर मागच्या बाजूने एकेक फ्रेम टाकायची. पडद्यासमोर टेबल, टेबलावर फूटभर उंचीचं किंवा त्याहून लहान मॉडेल. कॅमेरा आणि टेबल यांच्या मध्ये काच. टेबलाची कड जिथे दिसते तिथपासून खालचा भाग काचेवर काळा रंगवायचा. एक फ्रेम टिपली की मॉडेल किंचित हलवायचं, मागची फ्रेम एक घर पुढे सरकवायची, पुन्हा टिपायचं. शॉट पुरा झाला की कॅमेऱ्यातली फिल्म सुरुवातीपर्यंत मागे घ्यायची, आता वरचा भाग झाकायचा आणि राहिलेला खालचा भाग त्याच फिल्मवर उमटवायचा. मॉडेल बरोबर पुढच्या जमिनीच्या आणि मागच्या आकाशाच्या मधोमध उभं राहतं. १९५८च्या चित्रपटापासून याला 'डायनामेशन' हे नाव मिळालं. लॅबमधल्या खर्चिक ऑप्टिकल कामाशिवाय एकटा माणूस हे करू शकत होता, हे या पद्धतीचं मोठेपण.

फटका बसतो तो असा: मागचं चित्र दुसऱ्यांदा टिपलेलं असतं. ग्रेन (फिल्मवरचे दाणे) जाड होतो, सावल्या काळ्याठिक्कर होतात, उजेडाचे भाग फटफटीत. कमी कॉन्ट्रास्टची प्रिंट वापरली तरी रंगीत फिल्मवर हे पूर्ण टळत नाही. नटाचा क्लोजअप स्वच्छ असतो, पुढच्या कटला चित्र एकदम खरखरीत होतं, आणि राक्षस यायच्या आधीच प्रेक्षकाला कळतं की आता तो येणार. भीतीचा जीवच तिथे जातो.

आता १९५७चा 'ट्वेंटी मिलियन माइल्स टू अर्थ' बघा. कृष्णधवल. शुक्रावरून आलेला तो प्राणी तसाच हाताने फ्रेम-फ्रेम हलवलेला, तरी रोममध्ये तो कितीतरी पक्का बसतो. हालचालीची रीत तीच, फिल्म तेवढी वेगळी.

सांधेजोड

फिल्मची पिढी उतरते, म्हणजे प्रतीची प्रत खराब होते, हे खरं, पण तिला पहिला नंबर देणं मला मंजूर नाही. कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेम टिपतो आणि नेहमीच्या शटरला प्रत्येक फ्रेम साधारण १/४८ सेकंद उघडी राहते. तेवढ्यात नटाचा हात सरकतो आणि त्या फ्रेममध्ये धूसर उमटतो. मॉडेल मात्र टिपताना स्थिर असतं, त्याची प्रत्येक फ्रेम काटेकोर. 'जेसन'मधली सांगाड्यांशी लढाई बघा: एकाच फ्रेममध्ये जेसनची तलवार पुसट आणि सांगाड्याची तलवार रेखीव! डोळ्याला हे नाव देता येत नाही, पण दोघे एका जगातले नाहीत हे लगेच कळतं.

मुद्दा नुसत्या थरथरीचा नाही, दोन प्रकारच्या हालचाली शेजारी येण्याचा आहे. सगळाच चित्रपट बाहुल्यांचा असेल तर एक पोझ दोन-दोन फ्रेम धरली, म्हणजे सेकंदाला बाराच पोझ दिल्या, तरी चालून जातं. फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्या अशाच हलवल्या. तिथे शेजारी नट नसल्यामुळे तुलनाच होत नाही. हॅरीहाउसेनला ही सवलत नव्हती. मागचा नट प्रत्येक फ्रेमला हलतोय म्हटल्यावर मॉडेलही प्रत्येक फ्रेमला हलवावंच लागतं, नाहीतर ते मागच्या चित्रावर अडखळत चालतं.

आणि हा दोष त्या काळीही लोकांना दिसत होता, याचा पुरावा १९८१ साल. 'ड्रॅगनस्लेअर'मध्ये फिल टिपेट आणि मंडळींनी मॉडेलला मोटरवर चालणारे दांडे जोडले, म्हणजे शटर उघडं असतानाच ड्रॅगन हलेल. तेच गो-मोशन. त्याच वर्षी हॅरीहाउसेनचा शेवटचा 'क्लॅश ऑफ द टायटन्स' जुन्या रीतीने आला. दोन्ही लागोपाठ बघा. ग्रेन हेच मुख्य दुखणं असतं, तर एवढ्या मोटरी कुणी जोडल्या नसत्या.

निगेटिव्ह

पण त्याच मंडळींनी 'स्टार वॉर्स'च्या वेळी (१९७७) ट्रिक शॉट्ससाठी जुने व्हिस्टाव्हिजन कॅमेरे बाहेर काढले, ते कशासाठी? आडव्या चालणाऱ्या फिल्मची फ्रेम जवळपास दुप्पट मोठी, म्हणून दुसऱ्यांदा टिपल्यावरही ग्रेन आटोक्यात राहतो, यासाठीच. आधी तो रोग आवरला, मोटरींची पाळी नंतर आली.

कातळ

दोघेही तंत्रावरच अडलात. मॉडेल कशाचं बनलंय असं प्रेक्षकाला वाटतं, ते बघा. 'जेसन'मधला टॅलोस हा राक्षसी पुतळा काशाचा, तिथलीच सांगाड्यांची टोळी हाडांची, 'गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद'मधली (१९७३) सहा हातांची कालीची मूर्ती आणि जहाजाच्या नाळेवरची लाकडी बाई. या चौघांच्या हालचालीत ताठरपणा असलाच पाहिजे. टॅलोस चौथऱ्यावर बसल्या जागी मान वळवतो, तेव्हा ती कुरकुरणारी वळण्याची रीतच अंगावर काटा आणते. तिथे धूसरपणा घातला तर काशाचं रबर होईल. हॅरीहाउसेनने आपल्या साधनाला शोभेल असंच पात्र निवडलं, ही त्याची अक्कल.

निवडीची आणखी उदाहरणं: १९५८च्या 'सिंदबाद'मधल्या एकडोळ्या सायक्लॉप्सला बकऱ्याचे पाय आहेत, कारण तसे पाय असले की आत कातडं पांघरलेला माणूस आहे अशी शंका कुणी घेत नाही. १९८१च्या 'क्लॅश'मधल्या मेडुसाला कपडे नाहीत. कापड असतं तर बोट लागेल तिथे चुणी बदलली असती आणि पडद्यावर ते सारखं वळवळत राहिलं असतं. १९३३च्या 'किंग काँग'मधल्या काँगच्या केसांचं नेमकं हेच झालं: सशाची फर, प्रत्येक फ्रेमला बोटांनी दबलेली.

सांधेजोड

कातळ, तुमचा नियम सांगाड्यांना लागू पडतो, 'व्हॅली ऑफ ग्वांजी'ला (१९६९) नाही. घोडेस्वार त्या डायनोसॉरला दोरखंडांनी जेरबंद करतात, तो प्रसंग घ्या. ग्वांजी तर हाडामांसाचाच. चित्रीकरणात घोडेस्वारांचे दोर जीपवर उभारलेल्या खांबाला बांधले होते, म्हणून त्यांना खरा ताण आहे. पुढे जीप मॉडेलच्या आड लपवली आणि मॉडेलच्या गळ्यातले बारीक दोर पडद्यावरच्या दोरांशी प्रत्येक फ्रेमला जुळवले. प्रसंग विश्वसनीय होतो तो या ताणामुळे. वजन दिसलं की ग्रेनही माफ आणि थरथरही.

फ्रेममोजणी

ताणाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, सांगाड्यांच्या लढाईतही. तिघे नट, सात सांगाडे. नट आधी स्टंटवाल्यांबरोबर तालीम करत, मग स्टंटवाले बाजूला होत आणि नट हवेत तलवार चालवत. हवेत मारलेला वार आपोआप थांबत नाही, नटाने तो स्वतः थांबवायचा असतो. आता टेबलावरचं काम: चित्रित तुकडा फ्रेम-फ्रेम बघून तलवार नेमकी कोणत्या फ्रेमला थांबते ते टिपून ठेवायचं, त्या फ्रेमला सांगाड्याची तलवार तिथे हजर हवी, आणि तिथून उलट मोजत मागच्या पोझ ठरवायच्या. एक फ्रेम उशीर झाला तर वार आरपार गेल्यासारखा दिसतो. सातही सांगाडे समोर असतील तर प्रत्येकाचं डोकं, दोन हात, दोन पाय, म्हणजे फ्रेमला पस्तीस अवयव, शिवाय ढाली-तलवारी. दिवसाला सरासरी १३ फ्रेम, पडद्यावरचा जेमतेम अर्धा सेकंद. साडेचार महिने लागले.

नटाने वार नीट थांबवलाय तिथे मला ग्रेनही दिसत नाही आणि कडक कडाही नाही. जिथे हात थोडा पुढे वाहून गेलाय, तिथे सगळंच उघडं पडतं. म्हणून माझ्या मते आधी दोष नटाच्या मनगटाचा, मग तुमचे दोन्ही.

आणि निगेटिव्ह विरुद्ध सांधेजोड हा वाद घरी निकाली काढता येतो. मोबाइलवर २४ फ्रेम आणि १/४८ किंवा १/५० शटर लावून माणसाचा दोन सेकंदांचा तुकडा घ्या. ४८ चित्रं सुटी करून मॉनिटरवर एकेक दाखवा, समोर बाहुली. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स लॉक. मॉनिटरच्या ठिपक्यांची जाळी चित्रात आली तर मॉनिटर थोडा मागे सरकवून फोकसबाहेर न्या. दिव्याच्या मिणमिणण्याने फ्रेमागणिक उजेड बदलत असेल तर शटर एक सेकंदाच्या आसपास ठेवा आणि खोली अंधारी करा. बाहुलीचे पाय स्क्रूने टेबलाला आवळा, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या पावलाला ती घसरते.

इथे दुसऱ्या पिढीची फिल्मच नाही, ग्रेन जवळपास शून्य. तरीही बाहुली वेगळी पडली तर सांधेजोड बरोबर. मग तोच तुकडा पुन्हा करा आणि या वेळी शटर उघडं असताना टेबल बोटाने हलकेच ढकला. बाहुली धूसर होईल.

निगेटिव्ह

टेबल ढकललं तर पाय, हात, डोकं सगळं एकाच दिशेने धूसर होईल. तलवार फिरवणाऱ्या हाताची धूसर रेघ कमानीसारखी असते आणि खांद्यापाशी जवळजवळ नसते. त्यामुळे पहिला तुकडा मान्य, दुसरा नाही. दुसऱ्यासाठी फक्त मनगटाला काळा दोरा बांधून तो ओढा. आणि तिसरा तुकडाही हवा: त्याच ४८ चित्रांचा कॉन्ट्रास्ट वाढवून, वर जाड ग्रेन टाकून, धूसरपणा न घालता. हे तिन्ही शेजारी ठेवल्याशिवाय मी जागचा हलणार नाही.

सांधेजोड

तिसरा तुकडा मान्य. पण त्याच्या आधी नटाचा स्वच्छ क्लोजअप जोडा, कारण तुमचा सगळा मुद्दा कटवर चित्र बदलण्याचा आहे. आणि दोऱ्याने मनगट ओढाल तेव्हा बाहुलीच्या आतली तार मऊ ॲल्युमिनियमची असेल तर कोपर मागे उसळतो. त्यापेक्षा बॉल-सॉकेटचे (खोबणीत गोळा फिरणारे) सांधे असलेली बाहुली घ्या आणि ते थोडे घट्ट करून घ्या, म्हणजे हात सोडाल तिथेच थांबेल.