बिझनेस सेंट्रल: दर पार्टीला वेगळं इफ-एल्स टाकून वैतागलोय, स्वतःचे इव्हेंट कुठे टाकायचे?

डिस्पॅचवाला:
नमस्कार मंडळी. बिझनेस सेंट्रलवर (मायक्रोसॉफ्टचं ईआरपी, म्हणजे धंद्याचा हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) आमचं स्वतःचं डिस्पॅचचं एक्स्टेन्शन, म्हणजे जोड-ॲप आहे, एएल या त्याच्या भाषेतलं, चार फाउंड्रीवाले वापरतात. घोळ सगळा भाड्याचा. एकाचं भाडं टनावर, एकाचं किलोमीटरवर, एकजण अख्ख्या गाडीचं ठरवूनच देतो, आणि मी भाड्याच्या प्रोसिजरमध्ये पार्टी बघून इफ-एल्स टाकत गेलो. मागच्या आठवड्यात टनवाल्यासाठी राउंडिंग बदललं तर किलोमीटरवाल्याची बिलं चुकली, अकाउंटवाल्या बाईंनी एकेक बिल हातानं तपासलं, फार वाईट वाटलं. सेल्स-पोस्टच्या (विक्री पोस्ट करणाऱ्या कोडच्या) इव्हेंटवर सबस्क्रायबर, म्हणजे इव्हेंट आला की चालणारा कोड, लिहिलेत, पण स्वतःचा पब्लिशर, म्हणजे इव्हेंट जाहीर करणारी प्रोसिजर, कधी टाकला नाही. कसा टाकायचा?

जुना नॅव्हवाला:
नॅव्ह (बिझनेस सेंट्रलचं आधीचं रूप) २०१६ मध्ये इव्हेंट आले, त्याआधी आम्ही मायक्रोसॉफ्टचाच कोड उघडून मधे आपल्या ओळी घुसवायचो आणि अपग्रेड आलं की त्या हुडकून परत मर्ज करत बसायचो, रात्री गेल्यात त्यात. २०१९ च्या व्हर्जन १५ पासून त्या जुन्या पद्धतीची सी/एएल भाषाच गेली. तुझी अडचण तीच आहे, फक्त मूळ कोड तुझा आहे.
भाडं काढायच्या आधी एक इंटिग्रेशन इव्हेंट टाक. त्यात हेडर, रक्कम आणि इजहँडल्ड (‘काम झालं’ सांगणारा ट्रू-फॉल्स) हे पॅरामीटर, शेवटचे दोन व्हार करून, म्हणजे त्यांतला बदल परत पोचेल असे; व्हार विसरलास तर हँडलरनं, म्हणजे सबस्क्रायबरनं, काढलेला आकडा तुझ्याकडे येतच नाही. पब्लिशरची बॉडी रिकामी ठेवायची. परत आल्यावर इजहँडल्ड ट्रू असेल तर तुझं नेहमीचं गणित चालवू नको. टनाचं गणित त्या पार्टीच्या छोट्या वेगळ्या ॲपमध्ये जाऊ दे, ते ॲप तुझ्यावर डिपेंड राहील. तुझ्या ॲपमध्ये पार्टीचं नावसुद्धा नको.

कोडयुनिट८०:
बरोबर, पण इजहँडल्ड जपून वापर. दोन सबस्क्रायबर असले तर आधी कोणता चालेल याची खात्री नसते, म्हणून हँडलरची पहिली ओळ ‘इफ इजहँडल्ड देन एक्झिट’. राउंडिंगसारख्या गोष्टीला गणित झाल्यानंतरचा दुसरा इव्हेंट दे, तिथे काही रद्द करावं लागत नाही.
आणि हँडलरमध्ये कमिट (तोवरचं लिहिलेलं कायम करणारी आज्ञा) अजिबात टाकू नका, कृपा करून. हँडलर पोस्टिंगच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये चालतो, कमिट केल्यावर पुढे एरर आला तर आधीचं अर्धवट लिहिलेलं तसंच राहतं, ते निस्तरायला मी एक रविवार घातलाय.

डिस्पॅचवाला:
मग प्रत्येक प्रोसिजरला आधी-नंतर टाकून ठेवू का?

जुना नॅव्हवाला:
नको. पार्ट्यांचं जिथे खरंच वेगळं असतं तिथेच. पॅरामीटरची नावं मात्र विचार करून ठेव, सबस्क्रायबर नावानंच जुळतो, नंतर बदललंस तर त्यांचं ॲप कंपाईल होणार नाही.

डिस्पॅचवाला:
किलोमीटरवालं सँडबॉक्सवर (चाचणीच्या वेगळ्या प्रतीवर) हलवलं. मागच्या महिन्याची सगळी बिलं परत काढून बघितली, पैशासकट जुळली. उद्या टनवालं घेतो. खूप आभार दोघांचे.