शब्दचर्चा: तळ, बूड आणि उत्तर – ‘ओस्तेरबोत्तेन’ला मराठीत काय म्हणावं?

खाडीकाठ:
मंडळी, एका शब्दापाशी अडलोय. मुलांच्या मासिकासाठी बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यांवर लेख लिहितोय. फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एक प्रांत आहे. इंग्रजी नकाशात तो ‘ऑस्ट्रोबोथ्निया’, स्वीडिशमध्ये ‘ओस्तेरबोत्तेन’ आणि फिनिशमध्ये ‘पोह्यान्मा’. कोश उघडला तर ‘ओस्तेर’ म्हणजे पूर्व, ‘बोत्तेन’ म्हणजे तळ. ‘पोह्या’ म्हणजेही तळ, पण त्याच शब्दाचा अर्थ उत्तर असाही दिलाय. ‘मा’ म्हणजे भूमी. आता पश्चिम किनाऱ्याला पूर्व कसं म्हणू? आणि तळ उत्तरेला कसा गेला? त्यात मी ‘ऑस्ट्रो’ला ऑस्ट्रेलियाचा भाऊ समजलो आणि पहिल्या मसुद्यात बिचारा प्रांत दक्षिणेला जाऊन बसला. मदत करा.

फोडणी:
पोह्यान्मा! कांदे की दडपे?

वासाकर:
हा विनोद मी इथे आलेल्या पहिल्याच आठवड्यात घरी फोनवर करून झालाय, पण चालू दे.

खाडीकाठ, कोश बरोबर आहे. मी सहा वर्षं वासामध्ये राहते, म्हणजे तुमच्या त्याच प्रांताच्या मुख्य शहरात. ‘पूर्व’ कुणाच्या पूर्वेला, एवढंच विचारायचं. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्यात होतं. स्टॉकहोमहून बघितलं की बोथ्नियाच्या आखाताचा अलीकडचा काठ ‘वेस्तेरबोत्तेन’, म्हणजे पश्चिमेकडचा, आणि पलीकडचा तो ‘ओस्तेरबोत्तेन’. वेस्तेरबोत्तेन आजही स्वीडनमध्ये आहे. वासाहून बोटीत बसलं की चारेक तासांत तिथल्या उमियोला पोचतो. राज्य गेलं, राजधानी बदलली, पण नाव अजून स्टॉकहोमच्या खिडकीतूनच बघतंय. तुम्हाला अर्थच हवा असेल तर ‘पैलतीर’ म्हणा. फक्त इथे राहणाऱ्याला आपलं गाव पैल वाटत नाही, ही त्यातली गोम.

‘ऑस्ट्रो’ हे त्याच स्वीडिश ‘ओस्तेर’चं लॅटिन सोंग. ऑस्ट्रेलियातला ‘ऑस्ट्र’ दक्षिणेचा. मुळात दोघं एकाच घरातले, म्हणून फसायला होतं.

बुंधा:
‘बोत्तेन’वर मी थोडं बोलतो, कारण हा आपल्या घरातला शब्द आहे. संस्कृतातला ‘बुध्न’ आणि हा ‘बोत्तेन’ एकाच मुळाचे. इंग्रजी ‘बॉटम’ आणि जर्मन ‘बोडेन’ ही त्यांचीच भावंडं. उत्तराभाद्रपदा नक्षत्राची देवता कोण? अहिर्बुध्न्य, म्हणजे तळाशी राहणारा सर्प. पंचांगात वर्षानुवर्षं वाचतो आपण आणि तो स्वीडनच्या नकाशावर भेटेल असं कधी वाटत नाही.

पण इथे तळ म्हणजे समुद्राची खोली नव्हे. जुन्या नॉर्स भाषेत ‘बोत्न’ म्हणजे आखात किंवा फ्योर्ड जिथे आत जाऊन संपतो ते टोक. या आखाताचं जुनं नावच ‘हेल्सिंग्याबोत्न’ होतं. पिशवी आडवी ठेवा: तोंड समुद्राकडे, बूड आत. आपणही खाडीचं ‘तोंड’ म्हणतोच, पण दुसऱ्या टोकाला बूड म्हणायचं धाडस आपण केलं नाही. माझं मत विचाराल तर ‘तळ’पेक्षा ‘बूड’ अर्थाला जास्त चिकटतो. मुलांच्या मासिकात संपादक छापतील का, ते तुमचं तुम्ही बघा.

खाडीकाठ:
बुंधाकाका, संपादकांना पिशवी दाखवीन. पण फिनिश ‘तळ’ उत्तरेला का? आमच्याकडे तर उलटं. मी कुडाळचा. तळकोकण म्हणजे दक्षिण कोकण, तळ म्हणजे दक्षिण, हे रक्तातच.

बुंधा:
तुमच्या रक्ताला संस्कृताचाही आधार आहे. दक्षिणेला ‘अवाची’ म्हणतात, खाली गेलेली. उत्तरेला ‘उदीची’, वर गेलेली. आणि खुद्द ‘दक्षिण’ म्हणजे मुळात उजवा. पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की समोर प्राची, पाठीमागे प्रतीची आणि उजव्या हाताला दक्षिण. आपल्या दिशांची नावं सूर्याला अर्घ्य देणाऱ्या माणसाच्या अंगावरून पडलीत. दख्खन म्हणजे त्याचा उजवा हात.

वासाकर:
काका, अगदी! आणि फिन माणूस तोंड करून उभा आहे दक्षिणेला. फिनिशमध्ये दक्षिण म्हणजे ‘एतेला’, आणि त्यातला ‘एते’ म्हणजे पुढचा, समोरचा. उत्तर म्हणजे ‘पोह्योइनेन’, तळाकडची. याची एक उकल अशी सांगतात की जुन्या घराचं दार उन्हाकडे, म्हणजे दक्षिणेला असायचं; मग घराचा आतला शेवट, मागची भिंत, उत्तरेला आली. इथला डिसेंबर काढल्यावर मला ही उकल पटते. दुपारी तीनच्या आत अंधार, आणि जो काही उजेड मिळतो तो दक्षिणेला क्षितिजाच्या जरा वर. दुसरीकडे तोंड करून उभं कोण राहील?

आता गंमत बघा. आसपासच्या प्रांतांची नावं आहेत ‘एतेला-पोह्यान्मा’ आणि ‘पोह्योइस-पोह्यान्मा’. शब्दाला शब्द ठेवला तर दक्षिण-उत्तरभूमी आणि उत्तर-उत्तरभूमी. म्हणून सांगते, भाषांतर करू नका. नाव आहे तसं लिहा आणि अर्थ वाक्यात सांगा.

शंकासुर:
पण कुठलं ‘आहे तसं’? दोन आहेत ना.

वासाकर:
हाच तर प्रश्न. इथल्या प्रांतात स्वीडिश मातृभाषेचे लोक साधारण निम्मे आहेत, सबंध देशात ते जेमतेम पाच टक्के. कायदा सांगतो की नगरपालिकेत अल्पसंख्य भाषेचे लोक आठ टक्के किंवा तीन हजार असले की ती द्विभाषिक. पाट्या दोन्ही भाषांत, आणि जिथे जे जास्त त्यांचं नाव वर. वासात फिनिश वर. शहर सोडून रायप्पालुओतो बेटाकडे निघालं की शेजारची नगरपालिका लागते, तिथे स्वीडिश लोक जास्त, आणि बसच्या खिडकीतून दिसणाऱ्या पाट्यांवर नावं खालीवर होतात: आता वर ‘रेप्लोत’, खाली ‘रायप्पालुओतो’. त्याच नगरपालिकेचं नाव स्वीडिशमध्ये ‘कोर्सहोल्म’, क्रुसाचं बेट. फिनिशमध्ये ‘मुस्तासारी’, काळं बेट. पुढे उत्तरेला एक गाव आहे, १६५२ मध्ये एबा ब्राहे या विधवेने नवऱ्याच्या नावाने वसवलेलं ‘याकोबस्ताद’, याकोबचं शहर. फिनिशमध्ये तेच गाव ‘पिएतारसारी’, म्हणजे पीटरचं बेट, कारण त्यांनी जवळच्या जुन्या पॅरिशचं, पेदेर्सोरेचं नाव धरलं. एका भाषेत याकोब, दुसरीत पीटर, आणि पोस्टमनला काहीच अडत नाही.

दोन भाषा असल्याचा फायदा मला चहाच्या भांड्यात कळला. नवी असताना दुधाचा म्हणून एक खोका आणला, वर ‘पीमा’ लिहिलेलं. चहा फाटला. मग खोका फिरवून बघितलं तर स्वीडिशमध्ये ‘सूरम्योल्क’, आंबट दूध. इंग्रजीच्या जोरावर तेवढं तरी कळलं असतं! तेव्हापासून मी प्रत्येक डब्यावर खालची ओळ वाचते. (पीमा ताकासारखंच असतं, कढी उत्तम होते.)

शंकासुर:
माणसांना काय म्हणायचं मग? स्वीडिश बोलणारा फिनलंडचा माणूस ‘फिनिश’ की ‘स्वीडिश’?

वासाकर:
त्याला स्वीडिश म्हणालात तर नाराज होईल. तो स्वीडनचा नाही. म्हणून इथल्या स्वीडिशमध्ये दोन वेगळे शब्द आहेत: ‘फिने’ म्हणजे फिनिशभाषक आणि ‘फिनलेन्दारे’ म्हणजे फिनलंडचा नागरिक, भाषा कुठलीही असो. दुसरा शब्द गेल्या शतकाच्या सुरुवातीला मुद्दाम रूढ करावा लागला. प्रांताचंही तसंच. कोशात ‘ओस्तेरबोत्निंग’ आणि ‘पोह्यालाइनेन’ एकच, पण पहिला शब्द ऐकला की डोळ्यांसमोर किनाऱ्यावरचा, होडीवाला, स्वीडिश बोलणारा येतो आणि दुसरा म्हटलं की आतल्या सपाट शेतीमुलखातला फिनिशभाषक गडी.

बुंधा:
‘कानडी’ आणि ‘कर्नाटकी’त आपण हाच फरक करतो. पण वासाकर, तुम्ही उत्तर स्वतःच्या नावात लावून फिरताय! आपला ‘-कर’. बेळगावकर, बडोदेकर, इंदूरकर म्हटलं की गाव कळतं, तो घरी काय बोलतो याची ‘कर’ चौकशी करत नाही. फिनलेन्दारे म्हणजे फिनलंडकर. त्यांना शब्द घडवावा लागला, आपल्याकडे प्रत्यय तयार.

शंकासुर:
‘द्विभाषिक’ शब्द मात्र जपून. माझ्या आजोबांसमोर ‘द्वैभाषिक’ म्हटलं की ते १९५६ ते ६० मधलं मुंबई राज्य काढायचे आणि जेवण थंड व्हायचं.

खाडीकाठ:
हाहा. ‘दोन भाषांचा किनारा’ लिहितो मग.

अजून एक. या भागातली जमीन वर येते म्हणतात, ते खरं का? आणि त्यासाठी शब्द काय? ‘भूउत्थान’ मुलांना जड जाईल.

वासाकर:
खरं आहे, आणि शब्दांची खरी श्रीमंती इथेच आहे. हिमयुगात बर्फाच्या ओझ्याने जमीन दबली होती. बर्फ गेला, ती अजून वर येतेय, वर्षाला आठेक मिलिमीटर. रेप्लोतला एका आजींनी त्यांचं जुनं होडीघर दाखवलं. बर्चच्या झाडांत, गवतात उभं. पाणी पार पलीकडे. त्यांच्या आजोबांनी होडी बांधायला खडकात ठोकलेली लोखंडी कडी आता माझ्या कमरेला लागत होती. आजी म्हणाल्या, दर पिढीत एकदा धक्का नवा बांधायचा, त्यात विशेष काय. वासा शहराचंही तेच. १६०६ मध्ये वसवलं तेव्हा ते बंदर होतं. समुद्र सरकत गेला. १८५२ मध्ये शहर जळलं तेव्हा नवं शहर काही किलोमीटर पश्चिमेला, पाण्याजवळ बांधलं. वासासमोरचा द्वीपसमूह २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि तिथे दर वर्षी सुमारे एक चौरस किलोमीटर नवी जमीन उघडी पडते.

परशुराम कुणीतरी आणणारच, म्हणून मीच आणते. त्याला बाण मारावा लागला. इथे समुद्र आपणहून जागा सोडतो, आणि मग नव्या जमिनीची मालकी कुणाची यावर गावकऱ्यांच्या बैठका होतात.

समुद्रापासून तुटत चाललेल्या पाण्याला इथे टप्प्याटप्प्याने नावं आहेत. तोंड उथळ झालं, पण अजून समुद्राशी जोडलेलं आहे, ती ‘फ्लादा’. जिथे समुद्राचं पाणी फक्त पातळी चढली तरच आत येतं, ते ‘ग्लो’. मग तळं. मग दलदल. मग जंगल.

खाडीकाठ:
आमच्या खाजणाचा भाऊ म्हणू का?

वासाकर:
चुलत म्हणा. खाजणात भरती-ओहोटी असते, इथे ती नसल्यात जमा. पाणीही महासागराच्या एक षष्ठांशाहून कमी खारट, समुद्रात गोड्या पाण्यातले मासे मिळतात. ‘जमीन वर येणं’ एवढंच लिहा, मुलांना कळेल. शिवाय आखाताच्या अरुंद भागाचं फिनिश नाव जरूर द्या: ‘मेरेनकुर्क्कु’, समुद्राचा घसा. स्वीडिश ‘क्वार्केन’ही घशावरूनच आलेलं. फक्त ‘कुर्क्कु’ म्हणजे काकडीसुद्धा, आणि याच प्रांतात नेर्पेसला काचगृहांत काकड्या-टोमॅटो पिकतात, तेव्हा यंत्रावर भाषांतर टाकू नका.

खाडीकाठ:
सर्वांचे आभार. ठरलं ते असं: नकाशावर ‘ओस्तेरबोत्तेन / पोह्यान्मा’, दोन्ही, सारख्याच टायपात. खाली ओळ: ‘स्टॉकहोमकरांच्या दृष्टीने पैलतीर, फिन लोकांच्या दृष्टीने उत्तरेची भूमी.’ ‘बूड’ संपादकांनी कापलं. काकडीची सूचना उशिरा वाचली. चित्रकाराने आखाताच्या मधोमध एक हिरवीगार काढून पाठवलीय, आणि संपादकांना ती आवडलीय.

फोडणी:
कोशिंबीर तरी झाली.