मदत हवी आहे: एस३ बकेटमधल्या लाखो फायली स्क्रिप्टने काढायच्या आहेत, नको ते उडू नये म्हणून काय करावं?

प्रश्न (धागाकर्ता)

ॲमेझॉन एस३ (क्लाउडमधला फाइल साठा) ची बकेट (फायलींचा डबा), साधारण ४ कोटी ऑब्जेक्ट (फायली), व्हर्जनिंग (फाइल बदलली-काढली तरी जुनी प्रत राखणं) चालू. दोन प्रकारचा कचरा काढायचाय: 'लॉग्स/२०२२' खालचं सगळं, आणि बकेटभर विखुरलेल्या, नावाच्या शेवटी 'टेम्प' असलेल्या सुमारे ६० लाख फायली. सध्याची बोटो३ (ॲमेझॉनची पायथन लायब्ररी) स्क्रिप्ट लिस्ट करत जाते आणि जुळली की लगेच डिलीट करते. थोड्या वेळात '५०३ स्लो डाउन' (वेग कमी करा, अशी एस३ ची एरर) सुरू होतं. चाचणीच्या प्रीफिक्सवर (नावाची ठरावीक सुरुवात असलेल्या फायलींवर) चालवली तर फायली दिसेनाशा झाल्या, पण साठ्याचा आकडा हलला नाही. स्क्रिप्ट दुरुस्त करू की मार्गच चुकलाय?

खिळेठोक

साठा हलणार नाहीच. व्हर्जनिंग चालू असताना व्हर्जन आयडी न देता डिलीट केलं की वर फक्त डिलीट मार्कर ('काढली' अशी खूण) बसतो. जुनी प्रत खाली तशीच राहते, बिलासकट. पण यावर वैतागू नका, तुमचा परतीचा रस्ता तोच आहे. मार्कर काढला की फाइल परत.

म्हणून स्क्रिप्टच्या आयएएम रोलला (तिच्या परवानग्यांचा संच) 'डिलीटऑब्जेक्ट' परवानगी द्या, 'डिलीटऑब्जेक्टव्हर्जन' (व्हर्जन आयडी देऊन कायमचं पुसणं) देऊ नका. मग कोडमध्ये कितीही घोळ असला तरी स्क्रिप्ट कायमचं काही पुसू शकत नाही. फक्त दोन गोष्टी आधी बघा. व्हर्जनिंग 'सस्पेंडेड' तर नाही ना? तसं असेल तर 'नल' व्हर्जन (जिचा व्हर्जन आयडी 'नल' असतो ती प्रत) खरोखर जाते. आणि नॉनकरंट (जुन्या, आता चालू नसलेल्या) व्हर्जन काढणारा लाइफसायकल नियम (ठरावीक मुदतीनंतर एस३ आपोआप फायली काढते तो) आधीपासून आहे का? तो १ दिवसाचा असेल तर तुमचा परतीचा रस्ताही साधारण तेवढाच.

'लॉग्स/२०२२' साठी स्क्रिप्ट नकोच, लाइफसायकल लावा. एक्स्पायरेशनला (मुदत संपून फाइल जाण्याला) रिक्वेस्टचा खर्च नाही आणि स्लो डाउनची कटकट नाही. प्रीफिक्सच्या शेवटी तिरकी रेघ विसरू नका. 'लॉग्स/२०२२' असं उघडं लिहिलं तर 'लॉग्स/२०२२-बॅकअप/' पण त्यात जुळतं, कारण एस३ मध्ये फोल्डर नसतात, नुसती अक्षरं जुळवली जातात. त्याच नियमात नॉनकरंट एक्स्पायरेशनही घाला, नाहीतर साठा पुन्हा तेवढाच.

आणखी एक: कमांड लाइनवरून नवीन लाइफसायकल कॉन्फिगरेशन टाकलं की जुनं संपूर्ण बदलतं, त्यात भर पडत नाही. आधी जुनं डाउनलोड करा, त्यात नियम जोडा, मग टाका. नियम लगेच चालत नाही, दिवसातून एकदा चालतो आणि मुदत पुढच्या यूटीसी मध्यरात्रीपर्यंत ढकलली जाते. दोन तासांत काही दिसलं नाही म्हणून घाबरू नका.

धागाकर्ता

धन्यवाद. 'टेम्प' साठीही लाइफसायकल चालेल का?

चाळणी

नाही. फिल्टर प्रीफिक्स, टॅग आणि आकार यांवरच चालतो, नावाच्या शेपटीवर नाही. इथे स्क्रिप्ट लागेल, पण लिस्ट आणि डिलीट एकाच लूपमध्ये ठेवू नका. यादी आधी गोठवा, तपासा, मग त्या यादीवरूनच डिलीट करा.

यादी एस३ इन्व्हेंटरीतून (बकेटमधल्या फायलींचा एस३ ने बनवलेला रिपोर्ट) घ्या, सर्व व्हर्जन धरून. पहिला रिपोर्ट यायला ४८ तास लागू शकतात. सीएसव्ही घेतलीत तर त्यातली नावं यूआरएल-एन्कोड केलेली (खास चिन्हं % च्या कोडमध्ये बदललेली) असतात. ती डिकोड न करता पाठवलीत तर गंमत होते: व्हर्जनिंग असलेल्या बकेटमध्ये अस्तित्वात नसलेल्या नावाचं डिलीटही 'यशस्वी' ठरतं आणि त्या चुकीच्या नावाचा नवा मार्कर तयार होतो. लॉग हिरवागार, खरी फाइल जागेवर.

यादी हातात आली की प्रीफिक्सनुसार मोजणी करा. ६० लाख अपेक्षित असताना ९० लाख निघाल्या तर तिथेच थांबा. यादृच्छिक दोनेकशे नावं डोळ्यांनी वाचा. हे कंटाळवाणं काम मशीनवर ढकलू नये असं माझं मत.

आता स्लो डाउन. एका डिलीटऑब्जेक्ट्स रिक्वेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० की (फायलींची पूर्ण नावं), म्हणजे तुमच्या ६००० रिक्वेस्ट. पण मर्यादेत रिक्वेस्ट नाही, प्रत्येक की मोजली जाते, आणि एका प्रीफिक्सला लिहिणं-पुसणं मिळून सेकंदाला साधारण ३५०० चा हिशेब असतो. दहा थ्रेड (एकाच वेळी चालणारे धागे) सोडले की तो ओलांडलाच. शिवाय त्याच प्रीफिक्सवर लिहिणाऱ्या तुमच्या ॲप्लिकेशनलाही ५०३ मिळतो. दोन थ्रेड, रिट्राय मोड 'ॲडॅप्टिव्ह' (एरर आल्या की वेग आपोआप कमी करणारा), आणि यादी फेटून घ्या, म्हणजे ओझं प्रीफिक्सांत वाटलं जाईल. सेकंदाला १००० की या गतीनेही १०० मिनिटांत काम होतं, घाई कशाला?

उत्तर २०० ('यशस्वी' चा कोड) आलं म्हणून खूश होऊ नका, आतली 'एरर्स' यादी वाचा. काही की नाकारल्या तरी वरचा कोड २००च असतो. 'क्वाएट' मोड लावला तर फक्त अपयशी की परत येतात, त्या वेगळ्या फाइलमध्ये लिहा.

आठवडाभर कुणी ओरडलं नाही की दुसरी फेरी: वेगळा रोल, इन्व्हेंटरीतल्या व्हर्जन आयडीसकट डिलीट. क्रम महत्त्वाचा, आधी जुन्या व्हर्जन, मग मार्कर. उलट केलंत तर मार्कर जाताच फाइल पुन्हा जिवंत दिसेल.

खिळेठोक

भर घालतो. रिकामं फोल्डर 'सिंक' करून 'डिलीट' पर्याय लावायचा सल्ला कुणी देईल, तो घेऊ नका. ज्या ठिकाणावर सिंक करता तो पाथ चुकला की तिथलं सगळं साफ. आरक्लोन (क्लाउडमधल्या फायली हाताळणारं कमांड लाइन साधन) वापरणार असाल तर 'ड्राय-रन' (न काढता नुसतं दाखवणं) आणि 'मॅक्स-डिलीट' (किती काढायच्या याची मर्यादा) लावा. 'पर्ज' फिल्टर पाळत नाही, 'डिलीट' पाळतं.

धागाकर्ता

बकेट दुसऱ्या रीजनमध्ये (ॲमेझॉनच्या दुसऱ्या भागातल्या बकेटमध्ये) रेप्लिकेट होते, म्हणजे प्रत आपोआप जाते. तिथेही जाईल का?

चाळणी

मार्कर जाईल की नाही ते रेप्लिकेशन नियमातल्या सेटिंगवर. व्हर्जन आयडी देऊन केलेलं डिलीट मात्र तिकडे कधीच जात नाही. दुसरी फेरी तिथे वेगळी चालवावी लागेल, आणि त्या बकेटची स्वतःची इन्व्हेंटरी घेऊनच.